बंद घराला विमा हवाच

अमेरिकेत स्थिरावलेल्या कितीतरी नागपूरकर कुटुंबांचं धरमपेठेत, प्रतापनगरात एखादं घर असतंच. तिकडच्या घराचा विमा निघतो, कारण त्याशिवाय बँक कर्जच देत नाही. इकडच्या घराला मात्र कुलूप आणि शेजाऱ्यांकडे किल्ली, एवढीच तजवीज. विम्याचं विचारलं की उत्तर तयार असतं: नागपूरला ना समुद्र, ना भूकंपाची धास्ती, घराला काय होणार?

काय होतं ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दिसलं. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. सरकारने बाधित कुटुंबांना १० हजार रुपयांची मदत जाहीर केली. तेवढ्यात एक चांगला फ्रिजही येत नाही. कुलूपबंद घराचे हाल तर आणखी. चिखल लगेच उपसला नाही, तर किचन ट्रॉल्या फुगतात, भिंतींना बुरशी धरते.

‘अमेरिकेतल्या पॉलिसीतच हे घर जोडून घेऊ’ हा विचारही टिकत नाही. १९३८ च्या विमा कायद्यानुसार भारतातली मालमत्ता नियामकाच्या पूर्वपरवानगीशिवाय परदेशी कंपनीकडे विम्याला देता येत नाही. आणि सोसायटीने विमा काढलेला असलाच, तर तो सहसा इमारतीचा असतो. फ्लॅटमधल्या सामानाचा नाही.

सुदैवाने पर्याय हाताशी आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सारं तिच्यात येतं. तरी लोक बिचकतात, कारण ते घराच्या, समजा ८० लाखांच्या, बाजारभावावर हप्ता मोजतात. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नव्हे. १,२०० चौरस फूट चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर रक्कम होते २४ लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजारांपर्यंतचं घरसामान वेगळी यादी न देताही त्यात धरलं जातं; या सवलतीची कमाल मर्यादा १० लाख.

चोरीच्या बाबतीत मात्र ही पॉलिसी तोकडी पडते. पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरीच तिच्यात बसते. बंद घराला घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं, आणि घर महिनोन् महिने बंद असतं हे कंपनीला लेखी कळवावं. ही गोष्ट लपवली तर दावा अडकतो.

दाव्याची तयारीही आधीच हवी. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून दिवंगत वडिलांचंच नाव असेल, तर आधी वारसनोंद करून घ्यावी. नागपुरातल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावं. पाणी ओसरलं की तोच धावत येऊन घर धुऊन काढणार; म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावं, की अगोदर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि फ्रिजवरच्या नंबरपट्टीचे फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेलं काहीही भंगारात द्यायचं नाही.