माकडाला माकडच हवे

उन्हाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतल्या माकडांच्या टोळ्यांत नवी पिल्ले दिसू लागतात आणि त्याच दिवसांत काही पिल्ले आपल्या दवाखान्यांतही येतात. आई घाटात गाडीखाली सापडलेली असते किंवा विजेच्या तारेला चिकटलेली असते. तिच्या पोटाला बिलगलेले पिल्लू कुणीतरी दयेपोटी घरी नेते, चार दिवस गायीचे दूध पाजते आणि हगवण थांबेना म्हणून आपल्या टेबलावर आणून ठेवते. ‘‘डॉक्टर, एवढे वाचवा, पुढे आम्ही सांभाळू.’’ वाचवण्याचे शिक्षण आपण घेतले आहे, त्यामुळे सलाइन आणि औषध लगेच सुरू होते. ‘आम्ही सांभाळू’ हे मात्र आपण ऐकून सोडून देतो. माझे म्हणणे असे, की पशुवैद्यकाने बोलायचे ते नेमके तिथेच.

त्या पिल्लाने काय गमावले आहे, हे आधी समजून घेऊ. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५०च्या दशकात ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना आयांपासून तोडले आणि दोन खोट्या आया दिल्या, एक तारेची व एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असतानाही पिल्ले पोट भरण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. आज असे प्रयोग क्रूर वाटतात, आणि ते क्रूरच होते. पण त्यांचा पुढचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. आईविना आणि सोबत्यांविना वाढलेल्या यांतल्या अनेक माद्यांना मोठ्या झाल्यावर स्वतःची पिल्ले सांभाळता आली नाहीत. काहींनी त्यांना जवळ घेतले नाही, काहींनी इजा केली. दूध आणि ऊब मिळूनही माकड म्हणून जगणे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

ते शिक्षण टोळीत मिळते. आपल्याकडच्या टोपी माकडांची टोळी एखाद्या दुपारी वडाखाली बसलेली पाहा. एक मादी दुसरीच्या पाठीवरचे केस डाव्या हाताने दुभंगते, उजव्या हाताच्या चिमटीने कोंडा किंवा किडा उचलते, ओठांचा चुटचुट आवाज करत तोंडात टाकते. थोड्या वेळाने पाळी बदलते. कोण कुणाचे अंग साफ करते, यावर उद्या भांडणात कोण कुणाच्या बाजूने उभे राहील हेही अवलंबून असते. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर वयात आले की दुसरी टोळी शोधतात. बांदीपूरच्या टोपी माकडांचा अभ्यास करणाऱ्या बंगळुरूच्या संशोधकांना असे दिसले, की खाऊ मागताना ती माणसाकडे बघून विशिष्ट आवाज काढतात आणि हात पुढे पसरतात. दुसऱ्या जातीच्या प्राण्याचे लक्ष कुठे आहे हे ओळखून त्याच्याशी संवाद साधण्याची ही कुवत आहे. इतके तल्लख, इतके समाजशील जनावर अंगणातल्या साखळीला बांधणे म्हणजे त्याची सगळी बुद्धी त्याच्यावरच उलटवणे.

घरातली पहिली एक-दोन वर्षे गोड जातात. मग जबड्यात सुळे येतात. माकडाच्या लेखी आपले कुटुंब हीच टोळी असते आणि टोळीत आपली जागा ते अजमावून बघते. सुरुवात लहान मुलापासून किंवा आजीपासून होते, कारण ती त्याला दुबळी वाटतात. पहिल्या चाव्यानंतर साखळी येते, दुसऱ्यानंतर पिंजरा. माकड वीस-पंचवीस वर्षे जगू शकते. त्यातली बहुतेक वर्षे मग त्या पिंजऱ्यात जातात. याच टप्प्यावर मालक आपल्याकडे येतो आणि सुळे काढून द्यायला सांगतो. ही शस्त्रक्रिया आपण करू नये. निरोगी सुळे उपटल्याने जबडा दुखावतो, उरलेल्या दातांनी चावणे चालूच राहते आणि चावण्याचे कारण तर जागच्या जागीच असते. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेचाही पाळीव माकडांचे निरोगी दात काढण्याला विरोध आहे.

दोन्ही बाजूंचा धोका मालकाला स्पष्ट सांगायला हवा. चावा म्हटला की रेबीज आलाच. टोपी माकडासारख्या मकाक माकडांत बी विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. माणसाला तो क्वचितच होतो. पण झाला आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर दहांतले सात-आठ रुग्ण दगावतात. उलट दिशेने घरातल्या माणसाचा क्षय माकडाला होतो. शहरांत सध्या हौसेने आणल्या जाणाऱ्या दक्षिण अमेरिकी मार्मोसेटला तर ओठावर ‘जर’ उठलेल्या माणसाने मुका घेतला, तरी त्या फोडांतला विषाणू जिवावर बेतू शकतो. मार्मोसेटना ड३ जीवनसत्त्व पुरेसे मिळाले नाही, तर हाडे वाकतात. वानराच्या पोटात पाला आंबवणारे कप्पे असतात, त्यात बिस्किटे आणि पोळ्या गेल्या की पोट बिघडते. पोटाला औषध आहे, हाडांना आहे. एकटेपणाला आपल्या कपाटात औषध नाही.

कायदा आपल्या मदतीला आहे, पण पुरता नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार संरक्षित वन्यप्राणी ताब्यात आला, तर ४८ तासांत वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवावे लागते. १९९८च्या अधिसूचनेने माकडांचे खेळ करण्यावर बंदी आली. मात्र २०२२च्या दुरुस्तीत ऱ्हीसस माकड अनुसूचीतून बाहेर पडले आणि परदेशी जातींसाठी २०२४च्या नियमांनी नोंदणीची वाट ठेवली आहे. नोंदणीचा कागद हाती आला की प्राणी पाळण्याजोगा झाला, असे लोक समजतात. कागद तसे काहीच सांगत नाही. ते सांगण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे आणि डॉक्टरांचा शब्द आजही घराघरांत मानला जातो.

म्हणून व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती. पिल्लू आले तर आधी त्याला ऊब द्या, बिलगायला गुंडाळलेला टॉवेल द्या, उपचारात कसूर करू नका. त्याच दिवशी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणणाऱ्याला गुन्हेगारासारखे वागवू नका. तो दयेनेच आला आहे, त्याच्या दयेला योग्य दिशा द्या. पिल्लाला त्याच्या जातीच्या इतर पिल्लांबरोबर वाढवतील अशा केंद्राचा आग्रह धरा. दवाखान्यात कपडे घातलेल्या माकडाबरोबर फोटो काढू नका, कारण तो पाहून आणखी दहा जणांना हौस येते. आणि ‘आम्ही सांभाळू’ असे कुणी म्हटले, की न संकोचता सांगा: तुमचे प्रेम खरे आहे, पण याला माकडांची सोबत हवी आणि ती तुम्ही देऊ शकत नाही. पाच मिनिटांच्या या बोलण्याने एका प्राण्याची वीस वर्षे वाचतात. इतके परिणामकारक उपचार आपल्या हातून क्वचितच होतात.