नवे अपडेट आले. लगेच 'इन्स्टॉल' दाबायचे की थांबायचे?

छत्रपती संभाजीनगर : फोनवर पट्टी झळकते, 'नवीन सिस्टीम अपडेट उपलब्ध'. घरातला एकजण त्याच क्षणी बटण दाबतो, दुसरा वर्षभर 'नंतर आठवण करा' म्हणत राहतो. दोघांचीही गल्लत एकाच ठिकाणी होते. सुरक्षा अपडेट, नवी आवृत्ती आणि बीटा म्हणजे चाचणी प्रत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच नियम लावून चालत नाही.

सुरक्षा अपडेट किती दिवस लांबवावे?

'वॉनाक्राय' व्हायरस आठवतो? तो १२ मे २०१७ रोजी पसरला आणि दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी दोन महिने टाळाटाळ केली, त्यांच्यापैकी अनेकांना फटका बसला.

याउलट १९ जुलै २०२४. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तेवढा वेळ ज्यांचे संगणक बंद होते, ते वाचले.

म्हणून आमचे मत असे : सुरक्षा अपडेटसाठी दोन-चार दिवस थांबा, दोन महिने नको. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील 'अबाउट फोन'मध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसते (काही फोनमध्ये ती 'सिक्युरिटी'त असते). आत्ताच बघा. ती वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचे अ‍ॅप ठेवायचे का, याचा विचार करावा लागेल.

नवी आवृत्ती आणि बीटा

इथे मात्र घाई नको. नवी आवृत्ती आल्यावर महिना-दीड महिना जाऊ द्या. पहिले दोष तोवर उघडे पडतात. विंडोजमध्ये नव्या आवृत्तीवर गेल्यानंतर जुनीवर परतायला साधारण १० दिवसच मिळतात. त्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग सगळे तपासून घ्या. डीटीपीवाल्यांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली एखादी लग्नपत्रिका उघडून पाहावीच.

बीटाची गोष्ट स्वतःवरून सांगतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला आठवडा उरला असताना एकुलत्या एका लॅपटॉपवर मी चाचणी प्रत टाकली. आयकॉन सुंदर होते, वायफाय बंद पडले. रिपोर्ट पूर्ण करायला पेनड्राइव्ह घेऊन मित्राच्या खोलीवर चकरा मारल्या. हौस असेल तर घरात पडून असलेल्या जुन्या फोनवर किंवा लॅपटॉपवर करा. अँड्रॉइड बीटामधून मध्येच बाहेर पडायचे तर बहुतेक वेळा फोन पूर्ण पुसावा लागतो, हे आधीच माहीत असू द्या.

विंडोज १० वाल्यांनी काय करावे?

ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, शिकवण्या अशा ठिकाणी जुने संगणक अजून तग धरून आहेत. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नवा असावा लागतो. दुकानदार 'बायपास करून टाकून देतो' म्हणतात. चालतेही, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला, तर त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

आणखी एक. अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोज उघडेनाशी होऊ शकते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर आकाश भरून आलेल्या संध्याकाळी ते बटण दाबू नका. आणि दाबण्याआधी ग्राहकांच्या फायली, घरचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह काढून ठेवा.