जागा नाही? मग करा ना!

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरून जाताना मला हमखास २००८ चा ड्राफ्ट आठवतो. हो, ड्राफ्टच! एनबीएत तळातल्या टीम्सना नवी पोरं आधी निवडायचा चान्स जास्त. आयपीएलमध्ये लिलाव, पण पहिल्या वर्षी अंडर-नाइन्टीनची पोरं ड्राफ्टनेच वाटली गेली. दिल्लीची पाळी बंगलोरच्या आधी. बॅट्समन भरपूर होते, म्हणून त्यांनी बोलर प्रदीप सांगवान घेतला. विराट कोहली गेला बंगलोरला! राजस्थानने रवींद्र जडेजा उचलला आणि त्याच मोसमात, इथेच नेरूळला, फायनल मारली. कोहलीच्या बंगलोरला कपासाठी २०२५ उजाडलं. तोवर दिल्लीची पाटी कोरीच.

फ्रीलान्सर असल्याने ‘सध्या जागा नाही’ हे मी कित्येकदा ऐकलंय. एचआरवाल्यांनो, खरं सांगा, जागा बघून माणूस घेता, की माणूस बघून जागा करता?