मराठी अक्षरांची किल्ली कोणाच्या खिशात?

नांगराचा फाळ मोडला तर गावचा लोहार तो घडवून देतो. मोटारीची किल्ली हरवली तर तालुक्याच्या गावी दुसरी करून मिळते. परंतु मराठी मजकूर जुळवून पोट भरणाऱ्या कारागिराच्या संगणकामागे खोचलेला अंगठ्याएवढा एक तुकडा निकामी झाला, की त्याने रोख पैसे मोजून विकत घेतलेले सॉफ्टवेअर त्याच क्षणी मुके होते. या तुकड्याला डोंगल म्हणतात. तो दुरुस्त करणारा लोहार कोठेही नाही. कारण तो कोणालाही दुरुस्त करता येऊ नये, हेच त्याचे प्रयोजन आहे.

माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे फाट्याचे गाव. येथून एक वाट पंढरपूरला जाते, दुसरी कुर्डुवाडी-बार्शीवरून लातूरला. उजनीच्या पाण्याने ऊस आला, उसाने साखर कारखाने आणले, औद्योगिक वसाहत झाली. अशा गावात लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची पत्रके, सभेच्या सूचना आणि दशक्रियेच्या पत्रिका यांची गरज बारमाही असते. ती भागविणारा माणूस भांडवलदार नव्हे. एक संगणक, एक छपाईयंत्र आणि मराठी अक्षरांचे एक सॉफ्टवेअर एवढीच त्याची इस्टेट. तो जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याचा वारस आहे. मात्र जुळाऱ्याला जे स्वातंत्र्य होते ते त्याला नाही. एकोणिसाव्या शतकात निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी सुबक देवनागरी खिळे पाडले, ते घेणाऱ्याच्या मालकीचे झाले. ते झिजले तर वितळवून पुन्हा ओतता येत. खिळ्यांच्या पेटीबरोबर कोणी पहारेकरी पाठवीत नसे.

डोंगल हा तो पहारेकरी होय. त्याच्या पोटात एक छोटी चिप व गुप्त संकेत असतो. सॉफ्टवेअर चालू होताना, आणि पुढेही अधूनमधून, त्याला प्रश्न विचारते. ठरलेले उत्तर आले नाही की काम थांबते. मोठ्या कार्यालयांत एकच डोंगल साऱ्या जाळ्याचा मुकादम होतो आणि एका वेळी किती जणांनी काम करायचे ते मोजतो. १९८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘वर्डक्राफ्ट’ या लेखन-सॉफ्टवेअरबरोबर असा तुकडा प्रथम दिला गेला, असे मानतात. १९९२ साली अमेरिकेतील रेनबो या डोंगल बनविणाऱ्या कंपनीने तर ‘डॉन गॉल’ नावाच्या कल्पित संशोधकावरून हे नाव पडल्याची थाप जाहिरातीत ठोकून दिली. कुलूपवाल्यालाही वंशावळ लागते!

एक खुलासा येथे आवश्यक आहे, कारण खेड्यापाड्यांत ‘डोंगल’ म्हटले की आज सरपंचाची व पंचायतीच्या अधिकाऱ्याची डिजिटल सही डोळ्यांपुढे येते. तो तुकडा जबाबदार व्यक्तीच्या अधिकाराचा आहे. सार्वजनिक पैसा कोणाच्या सहीने खर्च झाला हे कळलेच पाहिजे, म्हणून ती किल्ली एकाच्याच हाती असणे रास्त आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. येथे कुलूप आहे ते श्रमाच्या हत्यारावर.

मराठीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच बोचते. संगणकावर देवनागरी आणण्याचे मूलभूत काम आयआयटी कानपूरसारख्या सरकारी संस्थेत, जनतेच्या पैशावर झाले; १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी संगणक लोकांपुढे आला. पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्डाच्या रूपाने हे तंत्र बाजारात नेले. ते कार्ड निदान स्वतः राबत असे. अक्षरे पडद्यावर उमटविण्याचे काम तेच करी. नंतर संगणक वेगवान झाले, कार्डाची गरज संपली, आणि सी-डॅकचे आयएसएम काय किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी काय, मराठीची ही सॉफ्टवेअरे हार्डवेअर लॉकसह विकली जाऊ लागली. आता तुकडा काहीच काम करीत नव्हता, फक्त हजेरी घेत होता. सार्वजनिक संशोधनातून उगवलेले पीक सार्वजनिक कार्यालयांनाच कुलूपबंद कणगीतून विकत घ्यावे लागले.

आणि कुलूप एकच नव्हते. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही फाँटमधील अक्षरांचे संकेत प्रत्येक कंपनीने आपापले ठेवले. एका फाँटमध्ये जुळविलेला लेख दुसऱ्यात उघडला की ‘क’चे भलतेच काही व्हावे, मात्रा उडून जावी. परिणामी डोंगल गेला तर केवळ हत्यार जात नाही, त्या हत्याराने केलेले वीस वर्षांचे कामही डोळ्यांदेखत दुर्बोध होते. किती सहकारी संस्थांचे अहवाल, किती साप्ताहिकांचे अंक, किती चळवळींची पत्रके अशा संकेतांत अडकून पडली असतील! हे नियतीने घडविले नाही. २००३ साली बंगळुरूच्या सायबरस्केपने आपल्या आकृती फाँटांचा एक संच मुक्त परवान्याखाली खुला केला. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्ता, बालू यांसारखे देखणे देवनागरी फाँट कोणालाही वापरता, बदलता येतील अशा परवान्याने दिले. त्यामुळे मराठी अक्षरकला बुडाली नाही.

यावर असे म्हटले जाईल, की सॉफ्टवेअर घडविणाराही श्रमिकच आहे आणि चोरटी प्रत काढणारा त्याच्या श्रमाचे मोल बुडवितो. हे खरे आहे, आणि समाजवाद्याने ते हसण्यावारी नेऊ नये. त्या काळच्या लहान मराठी-भारतीय कंपन्यांना नकलांनी खरोखरच बेजार केले होते. परंतु डोंगलने चोर अडला काय? ज्याने तोडलेली प्रत मिळविली त्याला डोंगल लागतच नाही; त्याचे काम बिनघोर चालते. जुन्या डोंगलांची जोडणी छपाईयंत्राच्या पोर्टला असे. ते पोर्ट नव्या संगणकांतून नाहीसे झाले, विंडोजची आवृत्ती बदलली की चालकप्रणाली बदलावी लागली, आणि या प्रत्येक वळणावर अडला तो पावती जपून ठेवणारा प्रामाणिक ग्राहक. मोल एकदा चुकते झाल्यावरही विकणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या मानेवर राहावा, हा श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न उरत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो.

कायदा काय म्हणतो हे कार्यकर्त्यांनी मुळातून पाहावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५२वे कलम रीतसर प्रत बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या भयापासून बचाव म्हणून, संगणक-प्रोग्रामची राखीव प्रत काढण्याची मुभा देते. डोंगल ही मुभा पोकळ करतो; प्रत काढावी, पण चालवावी कशी? २०१२च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ कलम कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, परंतु हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी अडसर दूर करणे ते गुन्हा मानीत नाही. म्हणजे संसदेने वाट ठेवली आहे. टेंभुर्णीच्या कारागिराला ती वाट दाखविणारा तंत्रज्ञ आणि वकील मात्र कोणी दिलेला नाही. भांडवलशाहीची पंढरी म्हणावी त्या अमेरिकेतही २००३, २००६ आणि २०१० साली, बिघडलेल्या व बदलून न मिळणाऱ्या डोंगलांचे कुलूप डावलण्याची सवलत अधिकृतपणे द्यावी लागली होती. आपल्याकडे तेवढी चर्चाही झाली नाही.

दरम्यान पहारेकऱ्यांचाही धंदा एकवटत गेला. अमेरिकेची रेनबो आणि इस्रायलची अलादीन या दोन्ही कंपन्या सेफनेटच्या पोटात गेल्या, सेफनेट २०१५ साली जेमाल्टोच्या, आणि जेमाल्टो २०१९ साली शस्त्रास्त्रांच्या व्यवसायातील फ्रेंच थेल्सच्या. जानेवारी २०१८ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने अलादीनपासून चालत आलेल्या डोंगलच्या परवाना-सॉफ्टवेअरमध्ये १४ छिद्रे असल्याचे जाहीर केले. हे सॉफ्टवेअर बसविताच विंडोजच्या संरक्षक भिंतीत एक दार उघडे होत असे आणि डोंगल काढून घेतल्यावरही ते उघडेच राही. त्या दाराचा क्रमांक १९४७. योगायोग खरा, पण कुलूप बसविणाऱ्यानेच मागचे दार उघडे टाकले होते, हे त्याहून खरे.

आता डोंगल मागे पडत आहे, पण म्हणून सुटका झाली असे कोणी समजू नये. पहारेकरी संगणकामागून उठून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन बसला आहे. २०१३ साली अडोबीने पानजुळणीची व चित्रांची आपली प्रमुख सॉफ्टवेअरे यापुढे केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. डोंगल असलेला कारागीर निदान कुलूपबंद हत्याराचा धनी म्हणवून घेई; वर्गणीदार हा निव्वळ कूळ आहे. खंड थकला की बेदखल. तेव्हाच्या मुंबई सरकारने १९४८ साली कुळकायदा केला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. पानावर अक्षर कसणाऱ्यासाठी असा दिवस अद्याप कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात उजाडलेला नाही.

तोवर करण्याजोगे बरेच आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद वा सहकारी कारखाना सॉफ्टवेअर घेत असेल, तेव्हा ग्रामसभेत व वार्षिक सभेत उठून विचारावे : मजकूर युनिकोडमध्ये राहणार काय? विकणारी कंपनी बंद पडली तर कुलूपाविना चालणारी प्रत मिळण्याची अट करारात आहे काय? डोंगल बिघडल्यास तो केवळ उत्पादनखर्चात बदलून मिळेल काय? सी-डॅक ही सरकारी संस्था आहे. तिने पूर्वी डोंगलसह विकलेल्या आणि आता विक्रीत नसलेल्या आवृत्त्या कुलूप काढून खुल्या कराव्यात, अशी मागणी खासदारांकडे लेखी करण्यास कोणाची हरकत असू नये. आणि ज्या ज्या कार्यालयात जुना डोंगल अजून जिवंत आहे, तेथे त्या फाँटांतील सारा मजकूर याच वर्षी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. हे काम टेंभुर्णीच्याच कारागिराला रीतसर मजुरी देऊन करवून घेता येईल.