कायदा बदलला, खतावणी तीच

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेस अर्पण केला. अमेरिकेत दास्यविमोचन होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. आशा बाळगण्याजोगाच तो काळ होता. आज दीडशे वर्षे उलटल्यावर त्या देशातील कृष्णवर्णीयांची स्थिती तपासू गेल्यास एक विलक्षण विसंगती नजरेस येते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील व सार्वजनिक स्थळांतील भेदभाव बेकायदा ठरविला, १९६५ साली मताधिकारास संरक्षण मिळाले, १९६८ साली घरांच्या खरेदी-विक्रीतील पक्षपातास बंदी झाली. २००८ साली तर बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आले. मग आता राहिले काय, असा प्रश्न तेथील अनेक सुशिक्षित मंडळी विचारतात. विषमता उरली असेल तर ती ज्याच्या त्याच्या कर्तृत्वाची, असा त्यामागील ध्वनी असतो.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु महिन्याचा पगार वेगळा आणि गाठीची पुंजी वेगळी, हे कोणत्याही कारकुनास शिकवावे लागत नाही. २०२२ साली गौरवर्णीय कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नातील प्रत्येक डॉलरमागे कृष्णवर्णीय कुटुंबाच्या पदरी सुमारे पासष्ट सेंट पडत होते. ही तफावत मोठी खरीच. पण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्याच वर्षी केलेल्या पाहणीतील संपत्तीचे आकडे पाहिले म्हणजे ती किरकोळ वाटू लागते. कुटुंबे संपत्तीच्या क्रमाने मांडली असता नेमक्या मधल्या गौरवर्णीय कुटुंबाची मालमत्ता दोन लाख पंचाऐंशी हजार डॉलर, तर मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची जेमतेम पंचेचाळीस हजार. सहास एक हे प्रमाण! उत्पन्न कायद्याच्या पाठोपाठ काही अंशी सुधारते. संपत्ती मात्र बापजाद्यांकडून येते.

बापजाद्यांना ती का मिळाली नाही? मुक्त झालेल्या गुलामांना दक्षिणेच्या किनारपट्टीवर चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा जनरल शेर्मन यांचा हुकूम जानेवारी १८६५ मध्ये निघाला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवून जमिनी जुन्या मालकांच्या हवाली करविल्या. तरीही सगळा दोष त्या जुन्या काळावर लोटणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. आजच्या दरीचा मोठा भाग विसाव्या शतकातला आहे, आणि तो खाजगी द्वेषापेक्षा सरकारी टिपणांतून घडला आहे.

महामंदीच्या काळात, १९३३ साली, सरकारने गृहकर्ज महामंडळ स्थापिले. त्याने शहरांचे नकाशे रंगविले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट तांबड्या, म्हणजे कर्जास धोक्याच्या, ठरविल्या. १९३४ मध्ये निघालेल्या गृहनिर्माण प्रशासनाने सामान्य माणसाच्या दीर्घ मुदतीच्या गृहकर्जास विमा दिला, पण अशा वस्त्या त्यातून वगळल्या. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने घरासाठी सवलतीचे कर्ज मिळाले. मिसिसिपी राज्यात १९४७ पर्यंत दिल्या गेलेल्या तीन हजारांहून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्यास आली दोन. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून वसलेल्या लेव्हिटाउनमध्ये आठ हजार डॉलरांच्या आत घर मिळे. मात्र आरंभीच्या भाडेपट्ट्यात घरगड्यांखेरीज कोणा अश्वेतास तेथे राहू देऊ नये, अशी अट होती. आज त्या घरांची किंमत कित्येक लाख डॉलर आहे. १९६८ च्या कायद्याने वस्तीचे दार उघडले खरे, पण दोन-तीन दशके स्वस्तात घेतलेल्या घरांच्या वाढलेल्या किमती ज्यांच्या नावे जमा होत्या, त्यांच्याच राहिल्या.

यापुढे द्वेषाची गरजच उरत नाही. एका घरचा मुलगा घर घेताना पहिली रक्कम वडिलांकडून आणतो. दुसरा महाविद्यालयाच्या कर्जाचे हप्ते फेडत राहतो. शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे की, तेथील सरकारी शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. घराची किंमत कमी, की शाळेची तिजोरीही रिती. पक्षपात संपला, असेही नव्हे. शिकागो व बोस्टन येथे नोकरीसाठी सारख्याच योग्यतेचे अर्ज केवळ नावे बदलून पाठविण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गौरवर्णीय वाटणाऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के अधिक बोलावणी आली.

ही सारी गरिबीची बाब आहे, गरिबांस रंग न पाहता मदत द्यावी, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. परंतु ज्याची नोंद रंग पाहून झाली, तिची दुरुस्ती रंग न पाहता कशी व्हावी, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. इलिनॉय राज्यातील एव्हान्स्टन या लहान शहराने २०२१ मध्ये एक वाट काढून पाहिली. १९१९ ते १९६९ या काळात तेथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना व त्यांच्या वंशजांना घरासाठी पंचवीस हजार डॉलर देण्याचे ठरले. पन्नास वर्षांत बुडालेल्या मालमत्तेपुढे ही रक्कम फार तोकडी आहे. २०२४ मध्ये या योजनेविरुद्ध न्यायालयात दावा दाखल झाला. वादींची तक्रार अशी की, लाभार्थी वंश पाहून निवडले जातात.