लिव्हरपूलची तेजी, सौंसरची उधारी

पोळा सरला की सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात एकच विचारणा असते : यंदा कापूस काय भावानं जाईल? अंदाज बांधणं चुकीचं नाही. त्या अंदाजावर कर्ज काढलं जातं, याची आम्हाला काळजी वाटते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच येई. तो थांबला, गिरणी कामगारांची उपासमार झाली आणि लिव्हरपूलच्या कापूस बाजारातले भाव जवळजवळ चौपट झाले. नागपूर-वऱ्हाडच्या कापसाला अचानक गिऱ्हाईक आलं. १८६५ च्या एप्रिलात युद्ध आटोपलं तसे भाव कोसळले. जुलैत कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईचा शेअर बाजार बुडाला, पुढच्या मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड गर्नी ही मातब्बर पेढी बुडाली आणि बँक ऑफ इंग्लंडनं व्याजदर दहा टक्क्यांवर नेला. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये, तेजी ओसरल्यावर!

याच दशकात मध्य प्रांतातल्या, सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली होती. मालकीची जमीन गहाण पडते, म्हणून सावकारही हात सैल सोडू लागला. भाव उतरले, व्याज उतरलं नाही.

१९३१ चा घाव याहून खोल होता. २१ सप्टेंबरला ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया १ शिलिंग ६ पेन्सांना पौंडाशी जखडलेला, त्यामुळे तोही घसरला आणि सोनं महागलं. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्याजवळ आलेले, सारा आणि कर्ज मात्र जागच्या जागी. मग खेड्यापाड्यांतल्या पाटल्या, पुतळ्या मोडीत निघाल्या. ते सोनं जहाजांनी लंडनला गेलं, पौंड सावरायला त्याचा हातभार लागला. ज्यांच्या अंगावरून ते उतरलं, त्यांचं घर कशानं सावरलं असेल?

आज लँकेशायर उरलं नाही, पण भाव अजूनही बाहेरच ठरतो. २०२२ च्या मे महिन्यात रुईची खंडी लाखाच्या वर गेली, नंतरच्या हंगामांत साठ हजारांच्या खाली आली. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. कपाशी तेव्हा शेतात उभी होती, वेचणीही लागायची होती.

म्हणून कास्तकारांना आणि जिनिंगवाल्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे. कृषी केंद्राची उधारी असो की बँकेची कर्जमर्यादा, हिशेब हमीभावावर मांडा. २०२५-२६ साठी लांब धाग्याला तो क्विंटलला ८,११० रुपये होता. वर मिळालं तर ते कर्ज फेडायला वापरा, नव्या कर्जाचा पाया करू नका. आणि सौंसर, पांढुर्णा या दोन्ही मंड्यांनी लिलावापूर्वी रुईचा, सरकीचा आणि जागतिक बाजाराचा त्या दिवसाचा भाव फलकावर लिहावा. व्यापाऱ्याला जे सकाळी मोबाईलवर कळतं, ते बंडीत कापूस घेऊन आलेल्या माणसालाही बोलीआधी कळलं पाहिजे. या हंगामापासून.