जुने ते सोने, पण किती काळ?

संगणकावरील प्रोग्राम लगेच नवे करावेत की थोडे थांबावे, हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. ब्रिटनमधील दोन घटना आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली २०१७ सालची. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे संगणक गाठले. २३६ पैकी निदान ८१ आरोग्यसंस्थांना त्याची झळ लागली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. हे टळू शकले असते. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता. अनेक ठिकाणी तो बसवलाच गेला नव्हता.

दुसरी घटना याच्या उलट. लंडनची कॅनॉनिकल कंपनी २००४ पासून 'उबुंटू' ही संगणकप्रणाली फुकट देते. अशी प्रणाली म्हणजे हजारो पॅकेजांची बांधलेली मोट. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, दुसरे तिसऱ्यावर. पुरणपोळीला पुरण हवे, पुरणाला डाळ हवी. डाळीतच खडा असला तर लाटणारीने काय करावे? मार्च २०२४ मध्ये फाइली लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत चोरवाट लपवल्याचे उघड झाले. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या 'एसएसएच' प्रोग्रामचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. पण काही प्रणालींत मधल्या एका पॅकेजमुळे दोन्ही जोडले गेले होते.

उबुंटूच्या लोकांच्या हाती असलेल्या आवृत्त्या मात्र सुरक्षित राहिल्या. कारण त्यांच्या धोरणात आहे. दर दोन वर्षांनी दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते. त्यानंतर तिच्यात सहसा नवी पॅकेजे घेत नाहीत. आहे त्याच पॅकेजातला दोष तेवढा दुरुस्त करतात. तयार होत असलेल्या नव्या आवृत्तीची चाचणी-प्रत कॅनॉनिकलने एक आठवडा लांबवली, पॅकेजे पुन्हा बांधली आणि २५ एप्रिलला ती आवृत्ती प्रसिद्ध केली.

तरीही या धोरणाला मर्यादा आहे. पाच वर्षांची ही हमी मुख्य गटातील पॅकेजांपुरती. बाकीच्या बहुतेक पॅकेजांची देखभाल स्वयंसेवकांच्या सवडीवर चालते; त्यांच्यासाठी कंपनीची वेगळी योजना घ्यावी लागते. ती घरगुती वापराच्या पाच संगणकांपर्यंत मोफत आहे.

यातून आम्हांस एवढेच दिसते की 'नवे' आणि 'दुरुस्त' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या सोयींसाठी थांबता येते. सुरक्षिततेच्या दुरुस्तीसाठी थांबू नये. आपल्या बेटावरच्या दुकानांत, कचेऱ्यांत आणि घरांत पुष्कळ जुने संगणक आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या संगणकाची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे प्रत्येक कुटुंबाने पाहून ठेवावे. औषधाच्या बाटलीवरची तारीख आपण पाहतोच ना?